बघणारं कोणी नसलं तरी मोजमाप होतच असतं

क्वांटमचा, म्हणजे अणू-फोटॉनएवढ्या बारीक जगाच्या भौतिकशास्त्राचा, विषय निघाला की थोड्या वेळात कोणीतरी "आपण बघितलं की कण बदलतो" हे वाक्य टाकतंच. मला ते वाक्य खुपतं, कारण ते साफ चूक आहे असं म्हणता येत नाही आणि बरोबर तर अजिबात नाही, आणि त्याच्या आधारावर पुढे मन, जाणीव, आपल्या इच्छेने विश्व घडतं वगैरे इतकं काही रचलं जातं की मूळ गोष्ट बाजूलाच राहते. मूळ गोष्टीत माणूस लागत नाही, डोळे लागत नाहीत, हवेचा एक रेणू येऊन धडकला तरी पुरतो. कोहेरन्स, डिकोहेरन्स आणि मोजमाप या तीन शब्दांचा एकमेकांशी काय संबंध आहे तो एकदा नीट बसला की हे सगळं बऱ्यापैकी स्वच्छ दिसायला लागतं, त्यामुळे इथे घाई न करता तेवढंच बघू. गणित अगदी थोडं येईल, पण ते गाळून पुढे जाऊ नका, कारण सगळी गंमत त्या अर्धा अधिक अर्धामध्येच आहे.

आधी कोहेरन्स. बहुतेक जण सुपरपोझिशनचा (दोन पर्याय एकत्र असलेल्या क्वांटम स्थितीचा) अर्थ "कण दोन्ही ठिकाणी असतो" असा लावतात, आणि शंका घेणारे लगेच विचारतात की कशावरून, कदाचित तो एकाच ठिकाणी असेल आणि आपल्याला माहीत नसेल. ही शंका एकदम रास्त आहे. आणि तिला उत्तर शब्दांनी देता येत नाही, प्रयोगानेच देता येतं.

एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, घ्या. प्रकाशाला पोलरायझेशन असतं, म्हणजे लहर कुठल्या दिशेत हलतेय ते, आडवी, उभी किंवा मधली कुठलीही तिरकी. पोलरायझर म्हणजे एक गाळणी, पोलरॉइड गॉगलची काच असते तशी. आडवी गाळणी लावली तर आडवा फोटॉन आरपार जातो, उभा फोटॉन अडतो, आणि ४५ अंशात तिरका असलेला फोटॉन आला तर निम्म्या वेळा जातो, निम्म्या वेळा अडतो. अर्धा फोटॉन कधीच बाहेर येत नाही, एकतर अख्खा येतो नाहीतर येतच नाही.

आता समजा दोन यंत्रं आहेत. पहिल्यातून बाहेर पडणारा प्रत्येक फोटॉन ४५ अंशात तिरका असतो. दुसऱ्या यंत्राच्या आत नाणं उडवलं जातं, छापा पडला तर आडवा फोटॉन सोडतात, काटा पडला तर उभा, आणि काय पडलं ते आपल्याला सांगत नाहीत. दोन्हींच्या पुढे आडवी गाळणी धरा. पहिल्यातून ५० टक्के फोटॉन पार, दुसऱ्यातूनही ५० टक्के. काहीच फरक नाही, आणि इथेच थांबलो तर शंका घेणारा बरोबर ठरतो. पण आता तीच गाळणी फिरवून ४५ अंशात धरा. पहिल्या यंत्राचे १०० पैकी १०० फोटॉन पार होतात. दुसऱ्याचे फक्त ५०.

हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण बाकीचा सगळा लेख यावरच उभा आहे. "आडवा आणि उभा यांचं सुपरपोझिशन" आणि "आडवा किंवा उभा, पण कुठला ते ठाऊक नाही" या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातला फरक मोजता येतो. त्या फरकाचं नाव कोहेरन्स.

आत काय चाललंय ते आकड्यात बघू. क्वांटममध्ये प्रत्येक पर्यायाला एक आकडा असतो, त्याला अँप्लिट्यूड म्हणतात, आणि तो उणेही असू शकतो. शक्यता काढायची तर त्या आकड्याचा वर्ग करायचा, हा नियम माक्स बोर्न यांनी १९२६ मध्ये मांडला आणि त्याच कामासाठी त्यांना १९५४ मध्ये नोबेल मिळालं. तिरका फोटॉन ४५ अंशाच्या गाळणीतून जायचा तर दोन वाटा आहेत, आडव्या भागातून येणारा हिस्सा आणि उभ्या भागातून येणारा हिस्सा, आणि प्रत्येकाचं अँप्लिट्यूड येतं १/२. आधी बेरीज, मग वर्ग: १/२ + १/२ = १, वर्ग १, म्हणजे १०० टक्के. आता दोन भागांमधलं चिन्ह उलटं असेल, म्हणजे "आडवा उणे उभा", तर १/२ − १/२ = ०, एकही फोटॉन जाणार नाही. हे उणे चिन्ह म्हणजे फेज. आडवी गाळणी लावली तर अधिक आणि उणे यात काही फरक कळत नाही, दोन्हीकडे ५० टक्केच दिसतात, पण तिरकी गाळणी लावली की तोच फरक १०० आणि ० एवढा मोठा होतो.

म्हणजे कोहेरन्स म्हणजे दोन पर्यायांमधल्या फेजचा हिशोब शाबूत असणं. हा हिशोब प्रत्येक फोटॉनला वेगळा आणि बेभरवशाचा झाला, कधी अधिक, कधी उणे, तर सरासरी १०० आणि ० यांच्या मधे ५० वर येते, आणि तो घोळका नाणं उडवणाऱ्या यंत्रापासून कुठल्याही प्रयोगाने वेगळा काढता येत नाही. या विषयातले लोक हे एका छोट्या टेबलात लिहितात, दोन ओळी दोन रकाने, त्याला डेन्सिटी मॅट्रिक्स म्हणतात. कर्णावरच्या दोन खान्यांत साध्या शक्यता असतात, ५० आणि ५०, आणि कर्णाबाहेरच्या दोन खान्यांत कोहेरन्स असतो. डिकोहेरन्स म्हणजे कर्णाबाहेरचे खाने हळूहळू किंवा पटकन शून्याकडे जाणं, कर्णावरचे आकडे आहेत तसेच राहून. एवढीच व्याख्या आहे खरंतर.

एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सुटून जाते म्हणून सांगतो. कोहेरन्स हा कणाला चिकटलेला गुण नाहीये, तो कुठल्या प्रश्नाच्या संदर्भात आहे हे सांगावंच लागतं. ४५ अंशातला फोटॉन "आडवा की उभा" या प्रश्नासाठी सुपरपोझिशन आहे, पण "४५ की १३५" या प्रश्नासाठी तो अगदी साधा, पक्क्या उत्तराचा फोटॉन आहे. आणि म्हणून मोजमाप कोहेरन्स फक्त नष्ट करत नाही, दुसऱ्या संदर्भात तयारही करतं. तीन पोलरायझर मिळाले तर स्वतः करून बघा: एक आडवा, एक उभा, एकामागे एक धरले की पलीकडे अंधार. आता त्या दोघांच्या मधे तिसरा ४५ अंशात सरकवा, म्हणजे आणखी एक अडथळा घाला, आणि प्रकाश येतो! पहिल्यातून निघालेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा शेवटून बाहेर पडतो. मधल्या गाळणीने फोटॉनला "४५ की १३५" विचारलं, ४५ उत्तर देणारे पुढे सोडले, आणि ते आता आडवा आणि उभा यांचं ताजं सुपरपोझिशन होते. हा प्रकार लाटांच्या जुन्या गणितानेही समजावता येतो, पण फोटॉन एकेक करून सोडले तरी तेच प्रमाण येतं आणि तिथे मग क्वांटमचीच भाषा लागते.

बरं, आता मोजमाप.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ मध्ये क्वांटमच्या गणिती पायावरचं जे पुस्तक लिहिलं त्यात मोजमापाचे दोन टप्पे सुटे केले होते. पहिला टप्पा साधा आहे. यंत्राला एक काटा आहे असं धरा (नाण्यावरचा नाही, मीटरवरचा). आडवा फोटॉन आला तर काटा डावीकडे, उभा आला तर उजवीकडे. मग तिरका आला तर? क्वांटमचं समीकरण त्याचं उत्तर बिनचूक देतं: "आडवा फोटॉन आणि डावा काटा" अधिक "उभा फोटॉन आणि उजवा काटा". म्हणजे काटासुद्धा त्या सुपरपोझिशनमध्ये ओढला गेला, आणि आता फोटॉन आणि काटा यांचं सुटं सुटं वर्णनच करता येत नाही. यालाच एंटँगलमेंट म्हणतात, श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये दिलेलं नाव.

आता फक्त फोटॉन पुढे नेऊन तिरक्या गाळणीवर टाका, काट्याकडे कोणी ढुंकूनही बघितलेलं नाही. काय होतं? दोन वाटा अजूनही आहेत, अँप्लिट्यूड अजूनही १/२ आणि १/२ आहेत, पण एका वाटेच्या शेवटी काटा डावीकडे आहे आणि दुसऱ्या वाटेच्या शेवटी उजवीकडे. शेवटची स्थिती वेगळी असेल तर अँप्लिट्यूडची बेरीज करता येत नाही, हा क्वांटमचा पक्का नियम आहे. तिथे आधी वर्ग आणि मग बेरीज करायची: १/४ + १/४ = १/२. पन्नास टक्के. म्हणजे फोटॉन आता नाणं उडवणाऱ्या यंत्रातून आल्यासारखा वागतोय, कोहेरन्स गेला.

बेरीज करून वर्ग की वर्ग करून बेरीज, सगळा फरक एवढाच. आणि तो कशावर ठरला? कोणी बघितलं का यावर नाही, "कुठल्या वाटेने" याची नोंद जगात कुठेतरी उमटली का यावर ठरला. नोंद वाचायला कोणी हवं असं गणितात कुठेही येत नाही. मला स्वतःला हे कळलं तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं, कारण त्याआधी कितीतरी वर्षं मी ते निरीक्षक प्रकरण घेऊन अडलो होतो.

आणि काट्याच्या जागी काहीही ठेवा. हवेचा रेणू ठेवा, जो कण इथे असेल तर एका बाजूला उडाला असता आणि तिथे असेल तर दुसऱ्या बाजूला. खोलीतल्या उष्णतेचा एक फोटॉन ठेवा. गणिताला फरक पडत नाही, तो रेणू उडून गेला आणि जाताना सोबत "कण कुठे होता" याची नोंद घेऊन गेला. तर डिकोहेरन्स म्हणजे आजूबाजूच्या परिस्थितीने केलेलं मोजमाप, ज्याचा निकाल कोणी वाचत नाही. आणि प्रयोगशाळेतलं मोजमाप म्हणजे मुद्दाम घडवलेला, नीट ताब्यात ठेवलेला डिकोहेरन्स, अधिक शेवटी एक वाचता येईल असा काटा. मोजमाप आणि डिकोहेरन्स वेगळे प्रकार आहेत असं समजून शिकलं की गोंधळ होतो, मोजमापाचा पहिला टप्पा म्हणजेच डिकोहेरन्स असं समजलं की होत नाही. हाइनरिश-डीटर झे यांनी १९७० मध्ये आणि वोय्चेक झुरेक यांनी १९८१-८२ मध्ये हा विचार नीट मांडला, म्हणजे क्वांटमचा पाया घातल्यावर अर्धशतक लागलं, जे मला अजूनही नवलाचं वाटतं.

इथे सगळं काही किंवा काहीच नाही असा प्रकार नसतो, हे पण बघू. समजा येऊन धडकणारा रेणू फारच ढोबळ नोंद घेतो, दोन वाटांसाठीच्या त्याच्या स्थिती जवळपास सारख्याच आहेत, ९० टक्के एकमेकींवर बसतात. मग कोहेरन्स एकदम जात नाही, ०.९ पट उरतो, आणि तिरक्या गाळणीतून १०० ऐवजी ९५ फोटॉन जातात. काही मोठं नुकसान नाही. पण असे १०० रेणू धडकले तर? ०.९ चा शंभरावा घात म्हणजे लाखात तीनसुद्धा नाही. प्रत्येक रेणूला जवळजवळ काहीच कळलेलं नाही, पण सगळ्यांना मिळून सगळं कळलेलं आहे. आणि साध्या हवेत कुठल्याही डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर एका सेकंदात किती रेणू धडकतात याचा विचार करा म्हणजे आपल्याला रोजच्या जगात सुपरपोझिशन का दिसत नाही ते कळेल.

झुरेक यांचा एक ढोबळ अंदाज आहे. १ ग्रॅम वजनाची वस्तू, खोलीचं तापमान, आणि तिच्या दोन जागांमधलं अंतर १ सेंटिमीटर. तिचा कोहेरन्स जायला लागणारा वेळ, तिची ऊर्जा विरून जायला लागणाऱ्या वेळापेक्षा १ वर ४० शून्यं इतक्या पटीने कमी. म्हणजे ती वस्तू इतकी सांभाळून ठेवली की तिची ऊर्जा विरायला विश्वाच्या वयाएवढा वेळ लागावा, तरी कोहेरन्स सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही एक अब्जांशाहून कमी वेळात संपलेला असेल. श्रोडिंगरची ती प्रसिद्ध मांजर, १९३५ चीच, खोक्यात बंद आणि जिवंत-मेलेली यांच्या सुपरपोझिशनमध्ये असल्याची कल्पना केलेली, तिच्याबद्दल बोलताना लोक विचारतात की खोका उघडेपर्यंत काय, पण खोक्यातली हवा आणि मांजरीच्या अंगातले असंख्य रेणू यांनी ते काम खोका उघडायचा विचार मनात यायच्या खूप आधी केलेलं असतं.

हे नुसतं कागदावर नाहीये, प्रत्यक्ष बघितलं गेलंय, आणि त्यातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग म्हणजे व्हिएन्नातला. १९९९ मध्ये मार्कुस आर्न्ट आणि अँटोन झायलिंगर यांच्या गटाने फुलरीनचे रेणू घेतले, ६० कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा गोल रेणू, ते भट्टीत तापवून निर्वातातून एका अतिबारीक जाळीवर सोडले, जाळीच्या फटी १०० नॅनोमीटर अंतरावर. पलीकडे इंटरफेरन्सचे पट्टे मिळाले (वेगवेगळ्या वाटांच्या अँप्लिट्यूडची बेरीज-वजाबाकी होऊन उमटणारे कमी-जास्त रेणूंचे पट्टे), म्हणजे अख्खा ६० अणूंचा रेणू एकापेक्षा जास्त फटींतून "आणि" अशा प्रकारे गेला होता, "किंवा" असा नाही. आता यात बारकाईने बघण्यासारखी गोष्ट ही की रेणू ९०० केल्विनच्या वर तापलेला होता, आतून थरथरत होता, वाटेत इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे, फोटॉनही सोडत होता. मग त्या फोटॉननी "मी इथून निघालो" ही नोंद नेली नाही का, कोहेरन्स का नाही गेला? कारण त्या फोटॉनची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास आणि दोन वाटांमधलं अंतर त्याच्या कितीतरी पट कमी. एवढ्या लांब लहरीला इतकं बारीक अंतर वेगळं दिसूच शकत नाही, खूप धूसर फोटोत दोन जवळचे ठिपके एकच दिसतात तसं. फोटॉन बाहेर पडला, पण तो काही सांगू शकला नाही.

मग पुढे याच विषयाच्या मागे लागून २००३ मध्ये निर्वात कक्षात थोडा थोडा वायू सोडून बघितलं, दाब वाढवत गेले तसतसे पट्टे फिके होत गेले, जसं गणित सांगतं तसंच. आणि २००४ मध्ये ७० कार्बनवाले रेणू लेझरने वाटेतच आणखी तापवले. रेणू जितका गरम तितके तो जास्त फोटॉन सोडणार आणि ते फोटॉन कमी तरंगलांबीचे, म्हणजे जास्त नेमकी जागा सांगणारे असणार. लेझर वाढवला, पट्टे मंद झाले, आणखी वाढवला, आणखी मंद, आणि तापमान ३००० केल्विनच्या जवळ गेलं तेव्हा जवळपास पुसलेच गेले. त्या फोटॉनना पकडायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं, ते कक्षाच्या भिंतींवर जाऊन विरले. रेणूने स्वतःच्या उजेडात स्वतःची जागा सांगून टाकली एवढंच. २०१९ पर्यंत याच शहरात सुमारे २००० अणूंच्या रेणूंपर्यंत इंटरफेरन्स गाठला गेला, वजन २५,००० अणुवस्तुमान एककांच्या वर.

पॅरिसमध्ये सर्ज हारोश यांच्या गटाने १९९६ मध्ये डिकोहेरन्स घडताना टप्प्याटप्प्याने पकडला. दोन आरशांमधे काही मोजकेच मायक्रोवेव्ह फोटॉन कोंडले, त्यातून रुबिडियमचा एक अणू सोडून त्या लहरीला दोन वेगळ्या फेजच्या सुपरपोझिशनमध्ये टाकलं, आणि थोड्या वेळाने दुसरा अणू सोडून "कोहेरन्स किती उरलाय" ते तपासलं. दोन अणूंमधला वेळ वाढवला की कोहेरन्स कमी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुपरपोझिशनचे दोन भाग एकमेकांपासून जितके जास्त वेगळे तितका कोहेरन्स जास्त वेगाने जातो. साहजिकच आहे, फार वेगळ्या दोन गोष्टींतला फरक ओळखायला एक निसटलेला फोटॉनही पुरतो. हारोश आणि डेव्हिड वाइनलँड यांना २०१२ चं नोबेल मिळालं.

आता एक प्रश्न इथे कुणालाही पडावा. परिस्थिती मोजमाप करते हे मान्य, पण ती नेमका कुठला प्रश्न विचारते हे कोण ठरवतं? फोटॉनच्या बाबतीत गाळणी आपण फिरवतो, पण टेबल-खुर्चीला "तू इथे की तिथे" असंच का विचारलं जातं, "तू इथे-अधिक-तिथे की इथे-उणे-तिथे" असं का नाही? उत्तर असं की कणांमधली बलं अंतरावर अवलंबून असतात. रेणू धडकतो तो जिथे वस्तू आहे तिथे, प्रकाश परततो तो जिथे पृष्ठभाग आहे तिथून, त्यामुळे नोंद उमटते ती जागेचीच. ज्या स्थितींना अशी नोंद होऊनही धक्का बसत नाही त्या टिकतात, बाकीच्या विस्कटतात, झुरेक त्यांना पॉइंटर स्टेट म्हणतात, काट्याच्या स्थिती. आणि ही नोंद एकदाच होत नाही, तिच्या लाखो प्रती होतात, प्रत्येक परतणारा फोटॉन तीच गोष्ट घेऊन जातो. म्हणून दहा जणांनी टेबलाकडे बघितलं तर दहाही जण ते एकाच ठिकाणी आहे असं सांगतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यात त्या प्रतींपैकी थोड्या प्रती गेल्या आणि टेबलाला कोणी नव्याने काही विचारलंच नाही.

इथपर्यंत आलं की मोजमापाचं कोडं सुटलं असं वाटायला लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसं लिहिलेलंही असतं, पण तसं नाहीये आणि ते स्पष्ट सांगायला हवं. डिकोहेरन्स आपल्याला "आणि" पासून "किंवा" सारख्या दिसणाऱ्या डेन्सिटी मॅट्रिक्सपर्यंत आणतो, ५० आणि ५०, कर्णाबाहेर शून्य. पण प्रत्यक्षात एका वेळी डिटेक्टरची एकच टिक ऐकू येते, काटा एकाच बाजूला असतो. त्या ५० आणि ५० मधून हाच निकाल का, याबद्दल डिकोहेरन्स गप्प आहे. फॉन नॉयमन यांचा दुसरा टप्पा तो हाच, आणि इथे जाणकारांमध्ये खरोखरीचे मतभेद आहेत. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये म्हटलं की दुसरा टप्पा नाहीच, दोन्ही निकाल घडतात आणि आपणही त्या सुपरपोझिशनचा भाग होतो. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये उलट मांडलं की समीकरणच थोडं बदलायला हवं, मोठ्या वस्तूंची सुपरपोझिशन आपोआप कोसळते, परिस्थितीचा संबंध नसला तरी. हे दुसरं मत तपासता येतं, आणि व्हिएन्नावाले अधिकाधिक जड रेणू घेतात त्यामागे हेही एक कारण आहे, कारण डिकोहेरन्सची सगळी ज्ञात कारणं वजा करूनही पट्टे गायब झाले तर काहीतरी नवीन सापडलं. माझ्या मते डिकोहेरन्सचं मोठेपण यानेही कमी होत नाही, त्याने प्रश्न नेमका कुठे आहे ते दाखवलं, आधी तो सगळीकडे पसरलेला होता.

"कोहेरन्स नष्ट झाला" असं मी वर लिहिलंय खरं, पण काटेकोर बोलायचं तर तो नष्ट होत नाही, पसरतो. फोटॉन आणि काटा मिळून बघितलं तर फेजचा हिशोब अजून शाबूत आहे, फक्त तो एकट्या फोटॉनमध्ये राहिलेला नाही. याचा पुरावा म्हणजे क्वांटम इरेझर. काट्याच्या जागी दुसरा एकच फोटॉन असेल तर त्याला "डावा की उजवा" न विचारता त्याच्या ४५ अंशाचा प्रश्न विचारा, मग वाटेची माहिती पुसली जाते, आणि "अधिक" उत्तर आलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या तर त्यात इंटरफेरन्स परत दिसतो, "उणे" वाल्यांत बरोबर उलटा इंटरफेरन्स दिसतो, आणि दोन्ही एकत्र केले की पुन्हा सपाट. भूतकाळ बदलला वगैरे काही नाही, हिशोब दोन वह्यांत वाटला गेला होता, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर तो जुळला. नोंद अब्जावधी हवेच्या रेणूंमध्ये गेली असेल तर त्या सगळ्या वह्या गोळा करणं कोणाच्याही हातात नाही, म्हणूनच डिकोहेरन्स व्यवहारात एकतर्फी वाटतो.

कधी कधी मात्र कोहेरन्स गेल्यासारखा नुसता दिसतो. चुंबकीय क्षेत्र जागोजागी थोडं कमीजास्त असेल तर प्रत्येक अणुकेंद्राची फेज वेगळ्या वेगाने पुढे जाते आणि सगळ्यांचा एकत्रित सिग्नल विरतो, पण नोंद कुठे बाहेर गेलेली नसते. एर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवलं की योग्य वेळी एक पल्स देऊन सगळ्यांना उलटं फिरवलं तर पुढे गेलेले आणि मागे राहिलेले पुन्हा एका रेषेत येतात आणि विरलेला सिग्नल परत उठतो. स्पिन एको म्हणतात त्याला, एमआरआय मशीनमध्ये रोज वापरलं जातं.

ज्यांना क्वांटम कॉम्प्युटर बनवायचाय त्यांचं तर सगळं आयुष्य याच झगड्यात चाललंय. क्युबिटवर, म्हणजे शून्य आणि एक यांच्या सुपरपोझिशनमध्ये राहू शकणाऱ्या बिटवर, गणित करायचं तर फेजचा हिशोब शाबूत हवा, म्हणजे जगाला त्याच्याबद्दल काहीही कळता कामा नये, म्हणून ते सुपरकंडक्टिंग (वीज विनारोध वाहणारी) चिप १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, थंड करतात. पण आपल्याला तर त्याला हलवायचंय, एकमेकांशी जोडायचंय, शेवटी मोजायचंय, आणि ज्या तारेतून आपण आत जातो त्याच तारेतून माहिती बाहेर पण जाते. १९९९ मधल्या पहिल्या सुपरकंडक्टिंग क्युबिटचा कोहेरन्स काही नॅनोसेकंद टिकला होता, आज शेकडो मायक्रोसेकंद सहज टिकतो, काही ठिकाणी मिलिसेकंदापर्यंत. यात दोन वेळा वेगळे मोजतात, टी१ म्हणजे ऊर्जा गळून जायचा वेळ आणि टी२ म्हणजे फेज हरवायचा वेळ, आणि टी२ कधीही टी१ च्या दुपटीहून जास्त असू शकत नाही, कारण ऊर्जा गळाली की ती गळाल्याची नोंदही बाहेर जातेच.

पण मोजमाप हा क्युबिटचा नुसता शत्रू आहे असंही नाही. बैद्यनाथ मिश्रा आणि जॉर्ज सुदर्शन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की एखाद्या प्रणालीला सारखं सारखं "तू अजून तिथेच आहेस का" विचारत राहिलं तर ती बदलायचीच थांबते, क्वांटम झीनो इफेक्ट. १९९० मध्ये बेरिलियमच्या आयनांवर ते करून बघितलं, मधे न विचारता सोडलं तर जवळपास सगळे आयन दुसऱ्या स्थितीत जायचे, आणि तेवढ्याच वेळात ६४ वेळा विचारलं तर अगदी थोडे जायचे. बदल सुरू व्हायला आधी दोन स्थितींमध्ये थोडा कोहेरन्स तयार व्हावा लागतो, आणि प्रत्येक मोजमाप तो कोंब खुडून टाकतं.

आणि एरर करेक्शन, म्हणजे क्युबिटमधले बिघाड शोधून दुरुस्त करणं, तर यापुढचं आहे. पीटर शोर यांनी १९९५ मध्ये त्याची वाट दाखवली, पण त्यांच्या नऊ क्युबिटच्या रचनेऐवजी तीनचीच सोपी आवृत्ती घेऊ. एका क्युबिटची माहिती तिघांत पसरवायची: "तिन्ही शून्य" आणि "तिन्ही एक" यांचं सुपरपोझिशन. आता कुठल्याही एका क्युबिटला "तू शून्य की एक" विचारलं तर सगळं संपलं, नोंद उमटली, कोहेरन्स गेला. म्हणून ते विचारायचंच नाही. विचारायचं एवढंच की पहिला आणि दुसरा सारखे आहेत का, दुसरा आणि तिसरा सारखे आहेत का. तिन्ही शून्य असोत की तिन्ही एक, उत्तर दोन्ही वेळा "हो, हो" असंच येतं, त्यामुळे या उत्तरातून शून्य-एकची कुठलीही माहिती बाहेर पडत नाही आणि त्यांच्यातली फेज जशीच्या तशी राहते. मधला क्युबिट उलटला असेल तर उत्तर येतं "नाही, नाही", कोण बिघडलं ते कळलं, त्याला परत उलटवा. आणि समजा तो पूर्ण उलटला नाही, बाहेरच्या धक्क्याने थोडासाच कलला, उलटा आणि न-उलटा यांच्या मधे कुठेतरी अडकला, तर हाच प्रश्न विचारल्यावर त्याला एका बाजूला जावंच लागतं, एकतर बिघाड पुसला जातो नाहीतर तो पूर्ण, दुरुस्त करता येण्यासारखा होतो. कोसळतं ते त्या बिघाडाचं सुपरपोझिशन, आतली माहिती जिथल्या तिथे. फेजचे बिघाड या तिघांच्या रचनेत पकडले जात नाहीत, त्यासाठी आणखी सहा क्युबिट घ्यावे लागतात, आणि शोर यांचे नऊ होतात ते असे.